नव्या ट्रेलवर यायचंय ना, मग आधी हे बघून घ्या

मंडळी, पाऊस ओसरला की टेकडीमागच्या नव्या ट्रेलवर, म्हणजे सायकलच्या कच्च्या डोंगरवाटेवर, राइड सुरू करायची असं ठरलंय, आणि काय आणायचं, कुठली सायकल चालेल हे प्रत्येक जण वेगवेगळं विचारतोय, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितोय.

पहिलं म्हणजे निघायच्या आधी सायकलकडे नाही, जमिनीकडे बघा. पुण्याच्या टेकड्यांवर, मग ती वेताळ टेकडी असो, बाणेर-पाषाण असो की बोपदेवकडचा माळ, उतारावर मुरूम असतो तो लवकर वाळतो, पण सपाटीला काळी माती साचते आणि ती आदल्या दिवशीच्या पावसातही टायरला, फ्रेमला लापशीसारखी चिकटते. मूठभर माती उचलून दाबा, तिचा गोळा वळला तर घरी जाऊन चहा प्या. ओल्यात चालवलं की टायरची चाकोरी पडते, पुढच्या पावसाचं पाणी त्यातूनच धावतं आणि दिवाळीपर्यंत तिथे ट्रेलच्या जागी ओघळ झालेला असतो. यात कुणालाही सूट नाही, लांबून आलात तरी नाही.

आता सायकल. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला सस्पेन्शन असलेली, पुरेशी आहे, पुढे-मागे दोन्हीकडे असलेल्या फुल सस्पेन्शनवाल्यांनी बाकीच्यांना उगाच घाबरवू नका. रस्त्यावरची हायब्रिड मात्र नको, तिचा बारीक टायर मुरमावर घसरतो. हवा रस्त्यावरच्या सवयीने टाईट भरू नका, सव्वादोन इंची ट्यूबलेसला सत्तर किलोच्या माणसाला २२ ते २६ पीएसआय खूप झाली, ट्यूब असेल तर तिशीच्या आसपास ठेवा नाहीतर दगडावर आपटून रिममध्ये चिमटून फुटेल. सिलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रावण, शेवटचं कधी टाकलं आठवत नसेल तर ते वाळलंय असं धरूनच चाला, कारण इथे बाभूळ, बोर, घायपात सगळे टायरची वाटच बघत असतात, त्यामुळे ट्यूबलेस असली तरी एक ट्यूब, टायर लिव्हर आणि पंप हवाच. ब्रेक पॅड काढून जाडी बघा. मल्टीटूलमध्ये चेनची पिन काढणारा चेन ब्रेकर आहे का बघा, तुटलेली चेन जोडायला एक क्विक लिंक खिशात टाका, आणि डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा, आपापल्या मॉडेलचाच लागतो, दुसऱ्याचा बसत नाही, तेव्हा तो ज्याचा त्याने आणायचा.

हेल्मेट नसेल तर राइड नाही, विषय संपला. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकाचक दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते बदला. पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घ्या. पाणी किमान दोन लिटर, ऑक्टोबरचं ऊन नऊलाच भाजायला लागतं, सोबत ओआरएस आणि चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. फोन फुल चार्ज आणि १०८ लक्षात. गवत वाढलेलं असतं, घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्याकडे आहेत, त्यामुळे सायकल झुडपात आडवी टाकून हात घालत बसू नका, आणि चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, तडक मोठ्या हॉस्पिटलला. आग्या मोहोळ दिसलं तर डिओ मारून आलेल्या हिरोंनी तरी लांबच राहावं.

ज्यांना ट्रेलच्या कामाला यायचंय त्यांच्यासाठी वेगळं. जमीन वनखात्याची आहे, तिथे भारतीय वन अधिनियम, १९२७ लागू आहे, परवानगीच्या कागदाची झेरॉक्स सोबत असल्याशिवाय एकही कुदळ मारायची नाही आणि झाडाची फांदीसुद्धा तोडायची नाही. कुदळ, फावडं, घमेलं, पहार लागेल, ज्याच्याकडे जे असेल ते आणा. आखणीचा नियम सोपा आहे, डोंगराचा उतार २० टक्के असेल तर ट्रेलचा १० च्या वर नको, म्हणजे निम्मा, आणि कडेला बाहेरच्या बाजूने ५ टक्के कल द्यायचा म्हणजे पाणी आडवं निघून जातं, ट्रेलवरून धावत नाही. सरळ खाली जाणारी वाट चालवायला मस्त असते, पण टिकत नाही, त्यावरून मागच्या मीटिंगला भांडण झालंय, परत नको.

आणि हो, सकाळी टेकडी आजोबांची असते. माणूस दिसला की वेग कमी, बेल किंवा आवाज, गरज पडली तर पाय टेकून त्यांना आधी जाऊ द्या, चढणाऱ्या सायकलवाल्यालाही तसंच. कानात इअरफोन घातले तर तुम्हाला पाठवून देऊ, यावर वाद नको. टिटवी ओरडत अंगावर आली तर तिचं घरटं जमिनीवरच जवळ असतं, तेवढा भाग उतरून ढकलत काढा.

सव्वासहाला भेटायचंय, गाड्या देवळाच्या दारात लावू नका, खालच्या मोकळ्या जागेत लावा आणि सायकली तिथूनच चढवा. नवख्यांची राइड वेगळी आणि सावकाश असेल, त्यांनी चेन आणि टायर आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा, सकाळी पंप शोधत उभं राहिलेल्यांसाठी कुणी थांबणार नाही.