नव्या शहरातला परकेपणा असा गेला

बदली झाली, घर लागलं, पण शहर परकंच वाटायचं. मोबाईलचा नकाशा बरोबर पोचवायचा, तरी रस्ते लक्षात राहत नव्हते. नजर पडद्यावर असली की मेंदू खुणा टिपत नाही. मग रोज संध्याकाळी फोन खिशात ठेवून चालायला लागलो. आधी घराभोवती, मग लांब. रस्ते डोक्यात बसले.

खरा गुण आला तो ठरलेल्या वेळेमुळे. तेच चेहरे रोज दिसू लागले. नुसतं वारंवार दिसण्यानेही आवड वाढते, हे रॉबर्ट झायोन्त्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. आधी मान हलवणं, मग दोन शब्द, मग चक्क गप्पा! सुट्टीचा दिवस मात्र फार अंगावर येतो; त्या दिवशी मी वाचनालय गाठायचो, अजूनही जातो.