लॅव्हेंडरचा वास टिकत नव्हता, ॲब्सोल्यूट घातल्यावर तळाशी गाळ बसत होता: माझा अनुभव

लक्षण असं: अल्कोहोलमधल्या घरगुती परफ्यूममध्ये लॅव्हेंडर तेलाचा वास तासाभरात उडायचा. तेल वाढवलं, तर सुरुवातीलाच कापरासारखा उग्र वास यायचा, टिकायचा मात्र तेवढाच. मग लॅव्हेंडरचं ॲब्सोल्यूट, म्हणजे फुलांचा दाट सुगंधी अर्क, घेतलं आणि थेट मिसळलं. बाटली गढूळ झाली, स्प्रे तुंबला. वैताग आला होता.

तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने निघतं. त्यात लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट हे वासाचे घटक मुख्य, दोन्ही लवकर उडणारे. ॲब्सोल्यूट द्रावकाने काढतात, त्यामुळे त्यात कुमारिनसारखे जड घटक आणि थोडं मेणही उतरतं. ते दाट, गडद हिरवं असतं. वास गोडसर, वाळल्या गवताचा, आणि मला तरी फुलाच्या जास्त जवळचा वाटतो.

जमलं ते या क्रमाने. ॲब्सोल्यूटची बंद बाटली साधारण 40 अंशांच्या पाण्यात, ते वाहतं होईपर्यंत ठेवली. 1 ग्रॅम ॲब्सोल्यूट 9 ग्रॅम 95 टक्के इथेनॉलमध्ये वजन करून विरघळवलं (जवळपास ज्योत नको). झाकण लावून रात्रभर फ्रीजरमध्ये. सकाळी बाटलीच्या तळाशी मेणाचे पांढुरके कण दिसले. द्रावण गार असतानाच कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळलं. हे परफ्यूममध्ये आधी घातलं, लॅव्हेंडर तेल सर्वांत शेवटी.

आता सुरुवात तेलाची, मागे उरणारा वास ॲब्सोल्यूटचा. पांढऱ्या कपड्यावर फवारू नका, हिरवट डाग पडतो. डिफ्युझरमध्ये तेलच वापरा. ॲब्सोल्यूट तिथे चिकटून बसतं.