शनिवारचा रिपोर्ट, सोमवारचे डॉक्टर: काळजी वाढवणाऱ्या या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आला. थायरॉइडचा एक आकडा ठळक अक्षरात. डॉक्टर भेटणार थेट सोमवारी. मधल्या वेळात मी जे जे केलं, ते तुम्ही करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रात्री दीड वाजता पांघरुणात मोबाइल धरून शोधत बसणं. थायरॉइडपासून निघालेली मी अडीचला कर्करोगापर्यंत पोचले होते. मन चिंती ते वैरी न चिंती, आणि वैऱ्याच्या हाती इंटरनेट! आकडा ठळक असतो तो लॅबच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला म्हणून. गंभीर किती, ते वय, लक्षणं आणि चालू औषधं पाहून डॉक्टरच सांगणार.

"नको ना विचार करूस, झोप," असं नवरा म्हणाला. बिचाऱ्याचा हेतू चांगला, उपाय उलटा. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली काही जणांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या.

विचार हाकलण्यापेक्षा त्याला वेळ द्यावी. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा, एकाच खुर्चीत, काळजीचा अर्धा तास. (अंथरुणावर मात्र नाही.) दिवसभरात काळजी डोकावली की एक शब्द लिहून ठेवायचा आणि "सहाला बघू" म्हणायचं. मी दुधाच्या हिशोबाची वही उलटी करून मागून लिहिते. प्रत्येक ओळीपुढे, हातात असेल ते काम: 'सोमवारी सकाळी नंबर लावणे'. हातात काही नसेल तर नुसती फुली. रात्री अक्राळविक्राळ वाटलेल्या निम्म्या ओळी संध्याकाळी वाचताना लाज वाटते.

तरीही रात्री जाग येतेच? आधी घड्याळ बघणं बंद करा. 'आता चारच तास उरले' हा हिशोब झोप घालवतो. बराच वेळ तळमळत असाल तर उठून मंद दिव्यात एखादं कंटाळवाणं काम करा, डोळे जड झाले की परत या. संध्याकाळचा चहाही तपासा. सातच्या कपातलं साधारण निम्मं कॅफीन मध्यरात्रीपर्यंत अंगात असतं.

बहिणीला फोन करून "काही नसेल ना गं?" असं मी चारदा विचारलं. दर वेळी दहा मिनिटं बरं वाटलं, मग पाचव्यांदा विचारावंसं वाटलं. एकदा विचारा, पुरे.

दोन आठवडे मन उदास आहे, कामात लक्ष नाही, जेवणझोप बिघडली आहे, तर वहीवर भागवू नका. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. काय बोलावं सुचत नसेल तर वहीतली पहिली ओळ वाचून दाखवा.