मुदतीआधीच्या कळा: आईचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

३७ आठवडे भरण्याआधी कळा आल्या किंवा पाणी गेले, तर अक्कलकोट-मोहोळहून सोलापूरला पाठवताना गरोदर बाईसोबत आधीचे रिपोर्ट आणि दिलेल्या इंजेक्शनांची वेळेसह नोंद अवश्य द्यावी. ही नोंद फार मोलाची असते, कारण बाळाच्या फुप्फुसांसाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे पांढऱ्या पेशी वाढतात, शिवाय गरोदरपणात त्या मुळातच जास्त असतात. म्हणून १५,००० हा आकडा पाहून लगेच जंतुसंसर्ग ठरवू नये. सीआरपीही (शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग असल्यास रक्तात वाढणारा प्रथिनाचा घटक) एकदाच पाहून भागत नाही, तो पुन्हा तपासून चढतो आहे का ते पाहावे. मात्र ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव किंवा आईची जलद नाडी असेल, तर सीआरपी कमी आला म्हणून निर्धास्त राहू नये आणि रिपोर्टसाठी उपचार तर मुळीच थांबवू नयेत.