सौरज्वालेचा रेडिओ-स्फोट कसा ओळखायचा

गच्चीवर अँटेना लावायची हौस असेल तर जरूर लावा. 60 मेगाहर्ट्झच्या डायपोलला, म्हणजे दोन भुजांच्या साध्या अँटेनाला, 1.2 मीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या नळ्या पुरतात. केबल, कनेक्टर पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात. 88 ते 108 मेगाहर्ट्झच्या वाटेला जाऊ नका, तिथे एफएमचा गोंगाट. पण संगणकाला जोडायच्या स्वस्त रेडिओ-डोंगलला एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झचाच पट्टा दिसतो. स्फोट मोठा असला तर काही सेकंद खरखर वाढते, बस. खरी माहिती असते वेळ आणि वारंवारता यांच्या आलेखावर स्फोट काढतो त्या तिरक्या रेषेत. त्यासाठी कॅलिस्टो या सूर्याच्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या जगभरच्या केंद्रांचे आलेख उघडा. ते इंटरनेटवर फुकट आहेत, आपल्याकडे उटीलाही असं केंद्र आहे. आलेखावरची वेळ जागतिक असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. उभ्या अक्षावर वारंवारतेचे आकडे कुठल्या दिशेला वाढतात तेही आधी बघा.

मी अकरावीच्या मुलांना आलेखाची प्रिंट, पट्टी आणि पेन्सिल देऊनच बसवते. 80 मेगाहर्ट्झवर रेघ उजळते, दोन सेकंदांत 40 पर्यंत उतरते. हा तिसऱ्या प्रकारचा स्फोट.

ती का उतरते? ज्वालेत चुंबकीय बलरेषा तुटून नव्याने जुळतात, त्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन वेग घेतात आणि खुल्या बलरेषांवरून बाहेर सुटतात. वाटेतला प्लाझ्मा, म्हणजे तापलेला विद्युतभारित वायू, ते हलवतात आणि त्या लहरींतून रेडिओ लहरी निघतात. प्लाझ्माची वारंवारता घनतेच्या वर्गमुळावर ठरते: 80 चे 40 झाले म्हणजे घनता चौथाईवर आली. प्रभामंडळाच्या, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाच्या, घनतेचं खगोलशास्त्रज्ञ न्यूकर्क यांचं सूत्र घेतलं तर एवढ्यासाठी सुमारे दोन लाख किलोमीटर वर जावं लागतं. दोन सेकंदांनी भागा. सेकंदाला एक लाख किलोमीटर, प्रकाशाच्या वेगाचा तिसरा हिस्सा! साध्या पट्टीने हे मोजता येतं याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मे महिन्यात दुपारनंतर मात्र सावध राहा. वळवाच्या विजाही उजळ रेघा काढतात, पण त्या सरळ उभ्या असतात. सगळ्या वारंवारता एकाच क्षणी. शेजारच्या इन्व्हर्टरची रेघ आडवी, तासन्‌तास तशीच. शंका आली तर त्याच मिनिटाचा दुसऱ्या देशातल्या केंद्राचा आलेख काढा. सूर्य दोघांनाही दिसत असेल तर स्फोट दोन्हीकडे हवा.

रेघ मिनिटन्‌मिनिटं रेंगाळत उतरली तर तो दुसरा प्रकार: तिथे आघात-लहर पुढे सरकत असते, वेग सेकंदाला हजारेक किलोमीटर. तिलाही हीच पट्टी लावा.