निफ-एचचा बँड आला? पेढे जरा थांबवा

एमएस्सीचे प्रोजेक्ट सुरू झाले की आमच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेत मांजरी गावच्या उसाची मुळं आणि पुरंदरच्या वाटाण्याच्या गाठी येऊन पडतात. त्यांत हवेतला नायट्रोजन स्थिर करणारे, म्हणजे झाडाला वापरता येईल असा करणारे जिवाणू शोधायचे असतात. निफ-एच हे त्या कामाचं एक जनुक. पंधरा दिवसांत कुणीतरी जेलचा, म्हणजे डीएनएचे पट्टे (बँड) दाखवणारा, फोटो घेऊन धावत येतं. "मॅडम, निफ-एच आलं! जिवाणू नायट्रोजन स्थिर करतोय!"

मी आधी विचारते, ब्लँक (डीएनए न घातलेली नळी) कुठंय?

पुष्कळदा ब्लँकमध्येही तोच सुमारे 360 बेसचा बँड असतो. पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीच्या) रसायनांतच या जनुकाचे अंश सापडतात. ब्लँक कोरा निघाला तरी बँड सीक्वेन्स करा (त्याचा अक्षरक्रम वाचा), कारण हरितद्रव्य बनवण्याच्या कामातली काही जनुकं निफ-एचची चुलत भावंडं आहेत. शिवाय निफ-एच एकटं काय करणार? नायट्रोजन स्थिर करणारं एन्झाइम म्हणजे नायट्रोजिनेज. त्याचं मुख्य प्रथिन निफ-डी आणि निफ-के या जनुकांचं, त्यातला लोह-मॉलिब्डेनमचा गाभा घडवायला ई, एन, बी लागतात. जीनोममध्ये ही सहाही शोधावीत, असा निकष 2012 मध्ये मांडला गेला.

नायट्रोजनविरहित प्लेटवर वाढ दिसली, यावरही भुलू नका. अगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) थोडा नायट्रोजन असतोच. उष्ट्यावर जगणारे जिवाणू तेवढ्यावर भागवतात.

सगळ्यात जास्त रडारड मात्र वाटाण्याच्या मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूची. फ्लास्कमध्ये ॲसिटिलीन चाचणी केली (नायट्रोजिनेज चालू असेल तर ते ॲसिटिलीनचं इथिलीन करतं), इथिलीन शून्य, की पोरं कल्चर फेकायला निघतात. अरे, त्याची निफ जनुकं गाठीतच जागी होतात! तिथं लेगहिमोग्लोबिन हे लाल प्रथिन ऑक्सिजन आवरून धरतं. मोकळ्या हवेत नायट्रोजिनेज मोडतं. त्यातही गाभ्याला होमोसिट्रेट हे सेंद्रिय आम्ल लागतं, ते बनवणारं निफ-व्ही जनुक बहुतेक रायझोबियांकडे नसतंच. ते झाड पुरवतं, हे 2009 मध्ये कळलं. म्हणजे घर झाडाचं, आचारी जिवाणू आणि मीठही झाडाकडचंच. तेव्हा चाचणी गाठीवर करा. आधी ती ब्लेडनं कापा: आत गुलाबी दिसली तर पुढं जा, हिरवी-करडी असेल तर वेळ घालवू नका. सोबत ॲसिटिलीन न घातलेली एक बाटली ठेवा, इथिलीन झाडही सोडतं.

उसातल्या ग्लुकोनॅसिटोबॅक्टर जिवाणूला गाठ लागत नाही. त्याला 10 टक्के साखर आणि 5.5 सामू द्या.

आणि ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचा जिवाणूंचा साठा) पहिल्याच आठवड्यात करा. वाटाण्याच्या रायझोबियमची निफ जनुकं प्लास्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर असतात, सारखं सब-कल्चर केलं (नव्या माध्यमात वाढवलं) की प्लास्मिड गळू शकतं. माझा एक चांगला स्ट्रेन असाच गेला. बँड देईना, गाठीही धरेना.