रात्री जंगलातून गाडी चालवताना

अंधार पडला की मी वेग ५० वर आणतो. ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेकवर पाय पडेपर्यंतच हरीण समोर! कडेला हिरवट डोळे चमकले तर अप्पर (हेडलाइटचा लांबवरचा झोत) लगेच डिपर (खालचा झोत) करा. प्रखर झोतात ते दिपून जागीच थिजतं. हॉर्नवर फार भिस्त ठेवू नका, बिथरून ते उलट गाडीकडेच झेपावतं. एक ओलांडून गेलं तरी थांबा, मागून पिल्लू येतंच. एकदा तर मी मोजून सहा सोडली. डांबर सूर्यास्तानंतरही ऊबदार राहतं, म्हणून साप त्यावर पसरतात. दोरी समजून चाक घालू नका. आणि उरलेलं खाणं बाहेर फेकायचं नाही. त्या वासाने कोल्हे रस्त्यावर यायला शिकतात.